शेळ्या राखायला दहावी पास पाहिजे

नळदुर्गात हायवेला लागून एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथं मी चोवीस वर्षं नोकरी केली. काय करता असं कुणी विचारलं, की मी ‘माणसं पुरवते’ असं सांगायचे आणि समोरचा जरा मागं सरकून बसायचा. काम खरं तर साधं होतं. कारखान्याला वॉचमन पाहिजे, दवाखान्याला वॉर्डबॉय पाहिजे, ट्रान्सपोर्टवाल्याला ड्रायव्हर पाहिजे, ढाब्याला तंदूरवाला पाहिजे. त्यांनी आम्हाला सांगायचं, आम्ही माणूस शोधून द्यायचा. माणूस राबायचा त्यांच्याकडं, हजेरी आमच्याकडं.

बरीच वर्षं ही निवड आमचे मालक नाना स्वतः करायचे. नानांचं शिक्षण बेताचं, पण परीक्षा घ्यायच्या त्यांच्या पद्धती होत्या. वॉचमनच्या नोकरीला आलेल्यांना ते भर दुपारी बोलवायचे, समोरच्या ढाब्यावर पोटभर जेवू घालायचे आणि मग ‘जरा थांबा’ म्हणून ऑफिसातल्या बाकावर बसवून ठेवायचे. तासाभरानं जो जागा असेल तो वॉचमन. ड्रायव्हरला ते गाडीबद्दल काही विचारायचे नाहीत, आधीच्या मालकाबद्दल विचारायचे. जो मालकाला शिव्या घालायचा त्याला घ्यायचे नाहीत, आणि जो फार कौतुक करायचा त्याला तर मुळीच नाही. या पद्धतीतही चुका व्हायच्या. एक जण बाकावर तास न् तास जागा राहिला, म्हणून त्याला एका गोदामावर पाठवला. तो दाढदुखीमुळं जागा होता, हे त्यानं दाढ काढल्यावर कळलं.

नानांचा मुलगा संकेत पुण्याहून शिकून आला तेव्हा त्यानं हे सगळं पाहिलं आणि वडिलांना शांतपणे समजावलं, की जगात आता असं चालत नाही. मग सॉफ्टवेअर आलं. ते चालवायला मला नेमलं, कारण ऑफिसात टायपिंग मला एकटीलाच येत होतं. सोलापूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. जेवणानंतर जे शिकवलं ते मला समजलं नाही. नानांच्या बाकावर मी नापासच झाले असते.

जे समजलं ते असं. अर्ज आला की सॉफ्टवेअर आधी चाळणी लावतं, मग सूप. चाळणी म्हणजे अटी. शिक्षण इतकं, वय इतकं, अमुक कागद असलाच पाहिजे. एक जरी अट चुकली तरी अर्ज लाल होतो आणि बाजूला पडतो, तो पुन्हा कुणी बघत नाही. चाळणीतून जे उरतात त्यांना सुपात घालून पाखडायचं, म्हणजे गुण द्यायचे. अनुभवाचे इतके, जवळ राहण्याचे इतके, अर्जात अमुक शब्द आला तर इतके. जास्त गुणांचा वर, कमी गुणांचा खाली. या अटी आणि हे गुण आत भरून ठेवायचे, हे माझं काम. एकदा भरले, की माणूस बघायची गरज नाही.

मला ते आवडलं होतं, हे आधीच कबूल करते. पूर्वी आमच्या जिन्यावर माणसं बसलेली असायची. कुणी भाकरी बांधून आलेला, कुणी कडेवर लेकरू घेऊन आलेली. वर जाता-येता मला त्यांच्या चपला ओलांडाव्या लागायच्या, आणि प्रत्येकाला काहीतरी सांगावं लागायचं. सॉफ्टवेअर आल्यावर सगळ्यांना मी एकच सांगायला लागले, की अर्ज भरून जा, निवड झाली तर फोन येईल. दोन महिन्यांत जिना रिकामा झाला. झाडायला सोपा पडायला लागला.

पहिला घोटाळा जिल्ह्याच्या नावावरून झाला. एका कंपनीला फक्त स्थानिक माणसं पाहिजे होती, म्हणून मी ‘जिल्हा धाराशिव’ अशी अट घातली. सगळ्यांच्या जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद. इथंच जन्मलेले, इथंच शिकलेले सगळे लाल झाले आणि एकच हिरवा राहिला. तो मूळचा सांगलीचा, बायकोच्या माहेरी राहायला आलेला, आधार नुकतंच बदललेलं. संकेतनं त्यावर तोड काढली. अर्जात जिथं जिथं उस्मानाबाद हा शब्द येईल तिथं धाराशिव करायचं, असा नियमच आत घातला. हा नियम पुढं काय करणार, ते आम्हाला तेव्हा दिसलं नाही.

दुसरी अडचण फोनची होती. पूर्वी एखाद्या पुढाऱ्याचा नानांना फोन यायचा, की आमच्या भाच्याचं बघा. नाना बघायचे. आता सॉफ्टवेअरला फोन कसा करणार? तेव्हा संकेतनं गुणांमध्ये एक नवा रकाना उघडला, ‘स्थानिक जाण’. त्याचे वीस गुण हातानं भरायचे. पुढाऱ्यांच्या भाच्यांना गावाची जाण उपजतच असते, असं त्यातून दिसून आलं. नाना आता फक्त पेपर वाचायला ऑफिसात यायचे. त्यांनी तो रकाना बघितला आणि म्हणाले, मी हे तोंडानं करत होतो तेव्हा ह्याला वशिला म्हणायचे.

अशातच जळकोटच्या पुढं, हायवेपासून आत, एका बाहेरच्या कंपनीनं शेळीपालनाचा मोठा फार्म काढला. गोठे स्वच्छ, पाणी आपोआप येणारं, प्रत्येक शेळीच्या कानात नंबर. त्यांना शेळ्या सांभाळायला सहा माणसं पाहिजे होती. त्यांचे मॅनेजर निखिल सर आमच्याकडं आले. वयानं तरुण, बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी अटींचा कागद दिला. दहावी पास. स्वतःचा स्मार्टफोन आणि ई-मेल. नोंदणीकृत संस्थेत दोन वर्षांचा अनुभव. कामात सहा महिन्यांहून मोठा खंड नको. पंचवीस किलोमीटरच्या आत राहणारा. शेळ्या राखायला दहावी कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले की रोज प्रत्येक शेळीचं वजन मोबाइलवर भरावं लागतं आणि ते अ‍ॅप इंग्रजीत आहे. मला ते पटलं. मी अटी भरल्या. गुणांसाठी त्यांनी शब्द दिले होते. अर्जात ‘गोट’ हा शब्द जितक्या वेळा येईल तितके गुण, ‘हायजीन’चे थोडे, ‘उस्मानाबादी’ जातीचा उल्लेख असेल तर पाच.

त्याच आठवड्यात छबूबाई आल्या. जळकोटच्या, धनगराच्या घरच्या, पन्नाशीच्या आसपास. एसटीनं आल्या होत्या. माझी आजीही शेळ्या राखायची, वडील एसटीत लागले म्हणून आमच्या घरातून शेळ्या गेल्या. छबूबाईंच्या अंगाचा वास मला ओळखीचा होता, आणि ऑफिसात तो नको होता, असंही वाटलं. मी खिडकी उघडली. त्यांना लिहायची सवय उरली नव्हती, म्हणून अर्ज मीच भरायला घेतला.

शिक्षण चौथी. आधीची नोकरी नाही. अनुभव किती वर्षांचा, तर त्यांनी बोटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, म्हणाल्या कळायला लागल्यापासून. कोणत्या जातीच्या शेळ्यांचा अनुभव, असा रकाना होता.

“काळ्या,” छबूबाई म्हणाल्या.

उस्मानाबादी शेळी काळीच असते. माझ्या आजीलाही ते नाव माहीत नव्हतं. मी ‘उस्मानाबादी’ असं लिहिलं, आणि संकेतच्या नियमानं माझ्या डोळ्यांदेखत त्याचं ‘धाराशिवी’ केलं. पाच गुण गेले. मग मी विचारलं, “मावशी, मधी कवा काम बंद होतं का? महिना, दोन महिने?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, “सासू वारली तवा घरी होते. तिसऱ्या दिशी सोडल्या शेळ्या. त्यास्नी काय कळतंय सुतक.”

पण नोंदणीकृत नोकरी एकही नव्हती, त्यामुळं सॉफ्टवेअरनं त्यांच्या कामातला खंड चौतीस वर्षांचा धरला. अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवसापासून त्या रिकाम्या बसल्या आहेत, असं त्याचं म्हणणं. शिवाय जळकोट दोन आहेत, एक आमचं आणि एक लातूर जिल्ह्यातलं. सॉफ्टवेअरनं त्यांना लातूरकडच्या जळकोटात नेऊन ठेवलं आणि अंतरावरही लाल केलं. गुणांपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

छबूबाईंनी विचारलं, “मग आता कवा येऊ?” मी सगळ्यांना सांगायचे तेच सांगितलं, निवड झाली तर फोन येईल. त्या मान हलवून गेल्या.

यादीत पहिला आला तो अक्षय नावाचा मुरूमचा मुलगा. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. त्याच्या अर्जात ‘गोट’ हा शब्द नऊ वेळा होता. गोट करी, गोट बिर्याणी, गोट सुका आणि असंच पुढं. हायजीनचेही पूर्ण गुण. दुसरा औषधं विकणारा, तिसरा जिममध्ये शिकवणारा, चौथ्याला ‘स्थानिक जाण’ होती. असे सहा जण निवडले गेले. मी निखिल सरांना फोन करून सांगितलं, की एक जण स्वयंपाकी दिसतोय. ते म्हणाले, “मॅडम, आपण प्रोसेसवर विश्वास ठेवू या.” मी ठेवला. ते माझं कामच होतं.

ते सहा जण कामावर लागल्याच्या नवव्या दिवशी सकाळी दहाला निखिल सरांचा फोन आला. आवाजातली सभ्यता निम्मी झाली होती. फार्मवर सगळं वेळापत्रकानं चालायचं, म्हणून इथं आणायच्या आधीच शेळ्या एकाच आठवड्यात गाभण जातील अशी व्यवस्था केली होती. ती यशस्वी झाली होती. आता पहाटेपासून शेळ्या एकदम व्यायला लागल्या होत्या. जनावरांचे डॉक्टर सोलापूरहून आठवड्यातून एकदा यायचे आणि आज तो वार नव्हता. जिमवाला चक्कर येऊन पडला होता. स्थानिक जाण असलेला घरी गेला होता. ताबडतोब अनुभवी माणूस पाठवा, असं निखिल सर म्हणाले.

मी छबूबाईंचा अर्ज उघडला. सॉफ्टवेअरनं सांगितलं, की नाकारलेल्या उमेदवाराचा त्याच पदासाठी तीन महिने विचार करता येणार नाही. संकेत म्हणाला, हे कुलूप सॉफ्टवेअरच्या कंपनीलाच काढता येतं. त्यांना कळवलं. आमची तक्रार महत्त्वाची आहे आणि कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर मिळेल, असं उत्तर लगेच आलं. मग संकेतला युक्ती सुचली. पद त्याच नावाचं नको, नवं पद काढू. तो ‘लघुपशू प्रसूती सहाय्यक’ असं टाइप करायला लागला. नवं पद म्हटलं की नव्या अटी, नवे गुण, कंपनीची ऑनलाइन मंजुरी.

नानांनी पेपर खाली ठेवला. “शेळी मंजुरीसाठी थांबत न्हाय,” एवढंच म्हणाले आणि जीपची किल्ली माझ्यापुढं ठेवली.

मी ड्रायव्हरला घेऊन जळकोटला गेले. छबूबाई गावाबाहेर ओढ्याकाठी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. मी काय झालं ते सांगितलं. नोकरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. किती शेळ्या अडल्यात आणि पहिलटकरणी किती, एवढं विचारलं. मला माहीत नव्हतं. आपल्या शेळ्या त्यांनी जावेवर सोपवल्या, घरातून गोडेतेलाची बाटली घेतली आणि जीपमध्ये बसल्या.

फाटकावर आम्हीच पुरवलेल्या वॉचमननं आम्हाला अडवलं. छबूबाईंकडं ओळखपत्र नव्हतं. मी त्याला म्हणाले, अरे, तुला नोकरी मी लावलीय. तो म्हणाला, तुमचंही ओळखपत्र दाखवा. मला राग आला आणि अभिमानही वाटला, कारण हा नानांच्या बाकावरचा शेवटचा वॉचमन होता. निखिल सर आतून पळत आले तेव्हा आम्ही आत गेलो.

पुढचे चार-पाच तास मी कडेला उभी होते. एका शेळीचं करडू आडवं आलं होतं, तिच्या ओरडण्यानं सगळा गोठा बिथरला होता. छबूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं आणि डोळे मिटून आत चाचपलं. तोंडानं त्या शेळीशी काहीतरी बोलत होत्या, कुठं दुखतंय असं माणसाला विचारावं तसं. करडू बाहेर आलं ते हलत नव्हतं. त्यांनी त्याच्या नाकातली घाण बोटानं काढली, मागचे पाय धरून त्याला खाली डोकं करून झुलवलं, गोणपाटानं खसखसा चोळलं. ते शिंकलं. मग त्या पुढच्या शेळीकडं गेल्या. अक्षय तेवढा त्यांच्या मागं टिकला. गरम पाणी किती गरम पाहिजे हे त्याला न सांगता कळत होतं. कोरड्या फडक्यांची चळत त्यानं अशी लावून ठेवली होती की हात मागं केला की फडकं हातात. करडांना पहिला चीक कसा पाजायचा ते त्या सांगत गेल्या आणि तो करत गेला. औषधवाला मोबाइलवर वजनं भरत होता.

तीन करडं आम्ही पोचायच्या आधीच गेली होती. दुपारी सगळं उरकल्यावर छबूबाईंनी ती एका पोत्यावर ओळीनं ठेवली आणि वरून दुसरं पोतं घातलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “ही उठली असती, बाई. म्या पंधरा दिस झाले, घरीच हाय की.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. संकेतनं ‘लघुपशू प्रसूती सहाय्यक’ हे पद मंजुरीला पाठवल्याचा मेसेज तेव्हाच माझ्या फोनवर आला.

निखिल सर भला माणूस. त्यांनी वरच्या ऑफिसशी भांडून छबूबाईंना कायम घ्यायचं ठरवलं, तेही बाकीच्यांच्या वर. वजनं अक्षयनं भरायची, शेळ्या छबूबाईंनी बघायच्या, अशी वाटणी झाली. पण त्यासाठी अनुभवाचा दाखला देणारी ओळखीची व्यक्ती लागत होती. मी माझं नाव दिलं. दोन दिवसांनी पडताळणी करणाऱ्या कुठल्याशा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. उमेदवाराला किती वर्षं ओळखता, असं तिनं विचारलं. मी पंधरा-वीस दिवस म्हणाले. एक वर्षापेक्षा कमी असा पर्याय तिच्याकडं नव्हता. उमेदवार इतरांबरोबर मिळून काम करतो का, यावर मी म्हणाले, त्या दिवशी सहा माणसांपैकी जी उभी राहिली त्यांच्याकडून आणि गोठाभर शेळ्यांकडून त्यांनी काम करून घेतलं. तिनं ‘होय’ लिहिलं. उमेदवाराचा एखादा दोष सांगा, असा शेवटचा प्रश्न होता. मला एकच सुचला, की त्या फोन येईल म्हटलं तर खरं मानतात. त्या मुलीनं विचारलं, मॅडम, हे मी कशात लिहू?

छबूबाई कामावर रुजू झाल्या. त्यांची एकच अट होती, अंधार पडायच्या आत घरी सोडायचं, घरच्या शेळ्या वाट बघतात. कंपनीला सगळ्या अटी घालून झाल्यावर प्रथमच कुणाची तरी अट मान्य करावी लागली.

तीन-चार महिन्यांनी निखिल सरांनी छबूबाईंसारखी आणखी दोन माणसं मागितली. मी उत्साहानं लाल यादी उघडली. ती रिकामी होती. नाकारलेले अर्ज ठरावीक मुदतीनं आपोआप पुसायचे, असा नियम होता, आणि तोही मीच भरला होता. मग मी कागद घेऊन आठवायला बसले, की गेल्या वर्षभरात कोण कोण आलं होतं. एकही नाव आठवलं नाही. अटी सगळ्या पाठ होत्या. नानांना विचारलं, तर त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या माणसांची नावं गावासकट सांगितली, पण ती माणसं आता म्हातारी झाली होती.

शेवटी मी छबूबाईंना घेऊन आठवडी बाजारात गेले, जनावरांच्या बाजूला. त्या माणसांकडं बघतच नव्हत्या, शेळ्या बघत चालल्या होत्या. कुणाची कास दाबून बघ, कुणाचे खूर उचलून बघ. दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, घेऊन विकायला बसलेल्या एका बाईपाशी त्या थांबल्या. शेळ्यांची अंगं तुकतुकीत, खूर नीट तासलेले. छबूबाई मला म्हणाल्या, “हिला घ्या.”

मी त्या बाईला सांगायला लागले, की अमुक फार्म आहे, असं असं काम आहे. तिनं मला मधेच थांबवलं.

“म्या आले होते की तुमच्याकडं,” ती म्हणाली. “टायरच्या दुकानावर. तुमी म्हणला, फोन येईल.”

मी तिच्याकडं नीट बघितलं. चेहरा ओळखू आला नाही.

“लई दिस फोन उशाला घेऊन निजले,” ती म्हणाली. “मग लेक म्हणली, आई, रिचार्ज कशाला मारतीस.”

मी तिला विचारलं, की सोमवारी कामावर येता का. तिनं शेळ्यांची दावी हातात घेतली आणि छबूबाईंना विचारलं, “ही बाई खरं बोलती का?”

छबूबाईंनी जरा विचार केला. “आता बोलती,” त्या म्हणाल्या.